गच्चीवरची पवनचक्की आणि न मोजलेला वारा

प्रति,
महाराष्ट्रातील वास्तुविशारद, संरचना अभियंते आणि गृहनिर्माण विकासक यांस



शहरांतील इमारतींवर बसवल्या जाणाऱ्या लहान पवनचक्क्यांसंबंधी हे पत्र आपणा सर्वांना उघडपणे लिहिले जात आहे. अशा पवनचक्क्यांच्या यशापयशाची चर्चा निघाली की ती बहुधा यंत्र बनवणाऱ्यांपाशी किंवा अनुदान देणाऱ्या सरकारी खात्यांपाशी येऊन थांबते. परंतु चक्की गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यात उभी राहणार, तिचा खांब किती उंच असणार, वाऱ्याच्या वाटेत पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली येणार की नाही, हे सारे ठरते ते आपल्या नकाशावर, आणि तेही यंत्राची मागणी नोंदवली जाण्याच्या कितीतरी आधी. म्हणूनच या पत्रातील तक्रारी आपल्याकडे आहेत आणि विनंत्याही आपल्याकडेच आहेत. त्यांच्या मुळाशी या तंत्राला विरोध नाही. योग्य जागी उभी केलेली लहान पवनचक्की उपयोगी ठरते, विशेषतः महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि पावसाळ्यात. चुकीच्या जागी उभी केलेली चक्की मात्र स्वतः वाया जाते आणि जिथे ती खरोखर चालली असती तिथल्या लोकांचाही तिच्यावरचा विश्वास घालवते, ही या लेखनामागची काळजी आहे.

लहान पवनचक्की म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट असावे. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या 61400 या मानकमालिकेच्या दुसऱ्या भागानुसार ज्या चक्कीच्या पात्यांनी व्यापलेले क्षेत्र 200 चौरस मीटरपर्यंत असते, म्हणजेच जिच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे 16 मीटरपर्यंत असतो, ती लहान चक्की मानली जाते. शहरातील गच्च्यांवर दिसणारी यंत्रे याहून पुष्कळच लहान असतात. त्यांचा व्यास बहुधा दोन ते पाच मीटर आणि निर्धारित क्षमता एक ते पाच किलोवॅट असते. निर्धारित क्षमता म्हणजे निर्मात्याने ठरवलेल्या एका विशिष्ट वेगाच्या वाऱ्यात यंत्र जेवढी वीज देऊ शकते तेवढी. हा वेग सामान्यतः सेकंदाला 11 ते 12 मीटर, म्हणजे ताशी 40 किलोमीटर किंवा त्याहून अधिक असतो. एवढा वारा मुंबई, ठाणे, पुणे किंवा नाशिक येथील चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवर वर्षातील किती तास वाहतो, हा प्रश्न नकाशा काढण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे, आणि आपल्याकडे नेमका तोच विचारला जात नाही.

वाऱ्यातील ऊर्जेचे गणित या बाबतीत फारच निष्ठुर आहे. वाहत्या हवेतील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते; वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते आणि वेग निम्मा झाला की ती आठवा हिस्सा उरते. शिवाय जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात दाखवून दिले, की कोणतीही पवनचक्की वाऱ्यातील शक्तीचा 59.3 टक्क्यांहून अधिक भाग काढून घेऊ शकत नाही, कारण पात्यांमधून गेलेल्या हवेला पुढे वाहून जाण्यासाठी काही वेग शिल्लक ठेवावाच लागतो. प्रत्यक्षातील लहान यंत्रे, घर्षण आणि विद्युत उपकरणांमधील तूट जमेस धरता, वर्षाच्या सरासरीने पाव हिस्सा जरी काढू शकली तरी त्यांचे काम चांगले म्हणावे लागते.

हे गणित एका उदाहरणात मांडता येते. ज्या गच्चीवर वाऱ्याचा वार्षिक सरासरी वेग सेकंदाला 3 मीटर आहे, तिथे 2.5 मीटर व्यासाची, म्हणजे घरातील छताच्या पंख्याच्या दुप्पट व्यासाची, एक किलोवॅटची चक्की बसवली असे धरावे. वारा दिवसभर एकाच वेगाने वाहत नसल्यामुळे वेगांच्या घनांची सरासरी ही सरासरी वेगाच्या घनाच्या जवळपास दुप्पट भरते. ही गोष्ट यंत्राच्या बाजूने धरून आणि हवेची घनता घनमीटरला 1.15 किलोग्रॅम मानूनही दर चौरस मीटरमागे सुमारे 30 वॅट शक्ती उपलब्ध होते. चक्कीच्या 4.9 चौरस मीटर क्षेत्रात ती सुमारे 145 वॅट भरते आणि तिचा पाव हिस्सा म्हणजे जेमतेम 36 वॅट. वर्षभरात यातून साधारण तीनशे युनिट वीज मिळते. त्याच गच्चीवर सुमारे 10 चौरस मीटर जागेत बसणारे एक किलोवॅटचे सौर पॅनेल महाराष्ट्राच्या हवामानात वर्षाला सुमारे 1,400 युनिट देते, आणि त्याला फिरणारा एकही भाग नसतो. याउलट सरासरी वेग सेकंदाला 6 मीटर असलेल्या जागी तीच चक्की, निर्धारित क्षमतेच्या मर्यादेमुळे थोडी घट धरूनही, दोन हजारांहून अधिक युनिट देऊ शकते. यंत्र तेच आणि त्यावर होणारा खर्चही तोच. उत्पन्नातील हा फरक केवळ जागेमुळे पडतो.

यातूनच पहिली तक्रार उभी राहते. गृहप्रकल्पांच्या माहितीपुस्तिकांत, हरित इमारतींच्या सादरीकरणांत आणि कधीकधी बांधकाम परवानगीच्या अर्जांतही पवनचक्कीचा उल्लेख होतो तो फक्त किलोवॅटमध्ये. किलोवॅट हा यंत्राच्या ताकदीचा आकडा आहे. सदनिकाधारकाच्या वीजबिलातून वजा होतात ती युनिटे, म्हणजे किलोवॅट-तास, आणि ती वाऱ्यावर अवलंबून असतात. एक किलोवॅटचे यंत्र वर्षातील 8,760 तास पूर्ण क्षमतेने चालले असते तर जेवढी वीज मिळाली असती, तिच्याशी प्रत्यक्ष मिळालेल्या विजेचे जे प्रमाण असते त्याला क्षमता वापर गुणांक म्हणतात. चांगल्या पठारावरील मोठ्या पवनचक्क्यांचा हा गुणांक 20 ते 30 टक्के असतो. वरील उदाहरणातील गच्चीवर तो चार टक्क्यांच्याही आत राहतो. ग्राहकाला किलोवॅट सांगून वार्षिक युनिटे न सांगणे ही अर्धी माहिती आहे, आणि घर घेणाऱ्या कुटुंबाकडे उरलेली अर्धी माहिती स्वतः काढण्याचे कोणतेही साधन नसते. आपल्या व्यवसायाने ही माहिती स्वतःहून द्यावी, अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये.

शहरातला वारा मुळातच मंद का असतो आणि गच्चीवर तो बेभरवशाचा का होतो, हे आपणास शिकवण्याची गरज नाही. तरीही नकाशांवरून पाहता त्याचा विसर पडलेला दिसतो. जमिनीजवळून वाहणाऱ्या हवेला घरे, झाडे आणि इमारती यांचा अडथळा होतो, आणि पृष्ठभाग जितका खडबडीत तितका हा अडथळा अधिक उंचीपर्यंत जाणवतो. मोकळ्या माळरानावर जो वेग दहा मीटर उंचीवर मिळतो, तो दाट वस्तीत त्याच्या कितीतरी पट उंचीवर गेल्यावर मिळतो. याशिवाय वारा इमारतीच्या भिंतीवर आपटला की गच्चीच्या कडेवरून वर उसळतो आणि लगेच खाली बसत नाही. त्या उसळीच्या खाली, गच्चीलगत, उलटसुलट फिरणाऱ्या मंद हवेचा एक थर तयार होतो. वायुगतिशास्त्रात याला प्रवाह विलग होणे म्हणतात. या थराच्या वर वारा उलट अधिक वेगाने वाहतो, पण तिथे पोहोचण्यासाठी खांब पुरेसा उंच असावा लागतो. लहान पवनचक्क्यांसाठी जगभर पाळला जाणारा ढोबळ नियम असा आहे, की 150 मीटरच्या परिसरातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा पात्यांचा तळ निदान नऊ मीटर वर असावा. आपल्या शहरांतील गच्च्यांवर मात्र दोन-तीन मीटरच्या नळीवर, जिन्याच्या खोलीच्या आडोशाला, शेजारच्या उंच इमारतीच्या सावलीत चक्की उभी केली जाते. तिथे ती फिरताना दिसतेही, आणि त्यामुळेच पाहणाऱ्याचा गैरसमज होतो. फिरणे आणि वीज देणे यांत पुष्कळ अंतर असते, कारण सेकंदाला 3 मीटरच्या वाऱ्यात हलणारी पाती इन्व्हर्टर चालू ठेवण्यापुरतीही शक्ती देत नाहीत.

या अडचणीवर उतारा म्हणून उभ्या अक्षाची चक्की सुचवली जाते. आडव्या अक्षाच्या नेहमीच्या चक्कीला वाऱ्याकडे तोंड वळवावे लागते. उभ्या अक्षाची चक्की, मग ती फिनलंडच्या सिगुर्ड साव्होनियस यांच्या अर्धनळीसारख्या पात्यांची असो किंवा फ्रेंच अभियंता जॉर्ज दार्यू यांच्या वक्र पात्यांची, कोणत्याही दिशेचा वारा स्वीकारते, सावकाश फिरते आणि सहसा कमी आवाज करते. हे गुण खरे आहेत. परंतु वाऱ्यातील शक्तीचा घनाचा नियम अक्ष उभा केल्याने बदलत नाही, आणि साव्होनियस पद्धतीची यंत्रे तर आडव्या अक्षाच्या यंत्रांपेक्षा वाऱ्याचा स्पष्टपणे कमी हिस्सा काढतात. सतत दिशा बदलणाऱ्या वाऱ्यात अशी चक्की अधिक वेळ फिरत राहील, एवढेच तिच्याबाबत निश्चितपणे म्हणता येते. दर्शनी भागावर तिचा डौल खुलून दिसतो, म्हणून ती निवडली जात असेल तर ती शोभेची वस्तू म्हणून निवडली जावी आणि तसे सांगितले जावे.

या साऱ्याची परीक्षा पूर्वीच झालेली आहे, ही बाब आपल्याकडे फारशी लक्षात घेतली गेलेली नाही. ब्रिटनमध्ये 2007 ते 2009 या काळात एन्क्राफ्ट या सल्लागार संस्थेने इमारतींवर बसवलेल्या 26 लहान पवनचक्क्यांची मोजणी केली; ती वॉरिक पवनचाचणी म्हणून ओळखली जाते. बिघाड किंवा तक्रारींमुळे यंत्रे बंद राहिली तो काळही धरला तर एका यंत्रामागे दिवसाला सरासरी 214 वॅट-तास वीज मिळाली, म्हणजे वर्षाला 80 युनिटांच्याही आत, आणि क्षमता वापर गुणांक एक टक्क्याच्याही खाली राहिला. बंद काळ वगळला तरी तो सुमारे चार टक्केच भरला. काही ठिकाणी यंत्राच्या नियंत्रक उपकरणांनी वाऱ्यापासून मिळालेल्या विजेपेक्षा अधिक वीज वीजवाहिनीतून खाल्ली. निर्मात्यांनी दिलेले शक्तिवक्र, म्हणजे कोणत्या वेगाला किती वीज मिळेल हे दाखवणारे आलेख, आणि वाऱ्याच्या वेगाचे राष्ट्रीय अंदाज, हे दोन्ही वास्तवापेक्षा बरेच आशावादी निघाले. उंच निवासी इमारतींवरील यंत्रांना तुलनेने चांगला वारा मिळाला, पण रहिवाशांच्या आवाजाविषयीच्या तक्रारींमुळे नेमकी तीच बंद ठेवावी लागली. हा तपशील कोणत्याही विकासकाने दोनदा वाचावा असा आहे, कारण महाराष्ट्रात आज जी उंच इमारत सर्वांत योग्य समजली जाईल तिच्यातही वरच्या मजल्यावर माणसेच राहणार आहेत.

लंडनमधील स्ट्राटा ही 2010 मध्ये पूर्ण झालेली 43 मजली निवासी इमारत अधिक प्रसिद्ध आहे. तिच्या माथ्यावर प्रत्येकी 19 किलोवॅटच्या तीन चक्क्या इमारतीच्याच आकारात कोरून बसवल्या गेल्या, आवाज कमी व्हावा म्हणून त्यांना तीनऐवजी पाच पाती देण्यात आली, आणि इमारतीच्या गरजेच्या आठ टक्के वीज त्यांतून मिळेल असे सांगण्यात आले. पुढील वर्षांत त्या चक्क्या बहुतेक काळ थांबलेल्याच पाहायला मिळाल्या. याच्या उलट टोकाला बहारीनमधील 2008 सालचे वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे. तिथे शिडांच्या आकाराचे दोन मनोरे आखाताकडून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेने अशा रीतीने उभे केले आहेत, की त्यांच्यामधील फटीत वारा एकवटतो, आणि त्या फटीतील तीन पुलांवर प्रत्येकी 225 किलोवॅटच्या, 29 मीटर व्यासाच्या चक्क्या आहेत. त्या मानकानुसार लहान नव्हेत, आणि संकुलाच्या गरजेच्या 11 ते 15 टक्के वीज देण्याचा त्यांचा अंदाजही आराखड्याच्या वेळचाच होता; तरीही या इमारतीकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथे वाऱ्याची दिशा ही इमारतीचा आकार ठरण्याच्या आधीची माहिती होती. नेहमी एकाच बाजूने वाहणारा समुद्रावरचा वारा आणि त्यासाठीच घडवलेली वास्तू, हे दोन्ही एकत्र आले म्हणून तो प्रयोग करण्याजोगा ठरला.

आता सर्वांत गंभीर तक्रार. मुंबईतील अतिउंच इमारतींच्या संरचनेसाठी वातबोगद्यातील चाचण्या आता सर्रास केल्या जातात. इमारतीची आणि तिच्या आसपासच्या वस्तीची लहान प्रतिकृती बोगद्यात ठेवून, तिच्यावर वेगवेगळ्या दिशांनी वारा सोडून, कोणत्या भिंतीवर किती दाब येतो हे मोजले जाते. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागानुसार मुंबईसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर आणि पुण्यासाठी 39 मीटर धरला जातो, आणि इमारत पडू नये यासाठी त्याचा विचार अत्यंत काटेकोरपणे होतो. मात्र ज्या प्रतिकृतीवर, ज्या पैशात, ज्या तज्ज्ञांकडून हे मोजमाप होते, त्यांनाच वर्षभरातील सामान्य वाऱ्यात गच्चीच्या कोणत्या भागावर, किती उंचीवर वेग वाढतो, हा दुसरा प्रश्न विचारला जात नाही. वादळातला वारा मोजला जातो आणि रोजचा वारा सोडून दिला जातो. पवनचक्की पुढे विद्युत कंत्राटदाराच्या यादीत जाते, तो उरलेल्या रिकाम्या कोपऱ्यात ती बसवतो, आणि उत्तम अभियांत्रिकी ज्ञान जवळ असूनही त्याचा एक शब्द या निर्णयापर्यंत पोहोचत नाही. ज्या इमारतींसाठी अशी चाचणी होतच आहे, तिथे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचा वाढीव खर्च चाचणीच्या मूळ खर्चापुढे अल्प असतो.

कंपन आणि सुरक्षितता यांच्याकडेही असेच दुर्लक्ष होते. फिरणारी चक्की आपल्या खांबातून स्लॅबमध्ये सतत ठरावीक लयीचे धक्के सोडते, आणि ही लय स्लॅबच्या किंवा खांबाच्या नैसर्गिक लयीशी जुळली तर खालच्या मजल्यावर गुणगुण ऐकू येते, जी मध्यरात्री दिवसापेक्षा कितीतरी अधिक जाणवते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, पण इमारतीच्या सांगाड्यातून येणारा आवाज खिडकीबाहेर धरलेल्या मापकात पुरता सापडत नाही. तो झोपणाऱ्याच्या उशीपाशी मोजावा लागतो. वादळाचा धोका याहून मोठा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि वीजपुरवठा खंडित होताच जोडलेले इन्व्हर्टर बंद पडते, यंत्रावरील भार एकदम सुटतो आणि ब्रेक नसेल तर पाती मर्यादेबाहेर फिरू लागतात. म्हणजे ज्या क्षणी वादळ सर्वाधिक असते आणि वीज गेलेली असते, नेमक्या त्याच क्षणी यंत्राची सर्वांत कठीण परीक्षा असते. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरातफलक कोसळून 17 माणसांचा जीव गेला. उंचावर वारा झेलणारी कोणतीही वस्तू भर वस्तीत उभी करताना तिची जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्या दिवसानंतर तरी कागदावर स्पष्ट असायला हवे होते. गच्चीवरील पवनचक्कीच्या बाबतीत ते आजही अनेकदा स्पष्ट नसते. विकासक इमारत सोसायटीच्या हवाली करतो, यंत्राची हमी संपते, आणि गंजू लागलेल्या खांबाखाली वाळत घातलेल्या कपड्यांमधून मुले खेळत राहतात.

इतके सांगूनही लहान पवनचक्कीची बाजू घेणे का आवश्यक वाटते, याचे उत्तर महाराष्ट्राच्या ऋतुचक्रात आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ढगांमुळे सौर पॅनेलची वीज घटते, आणि त्याच महिन्यांत नैऋत्य मोसमी वारे राज्यात वर्षातील सर्वांत जोरकस वारा आणतात. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावरील मोठ्या पवनचक्क्यांचे उत्पादन प्रामुख्याने याच काळात होते. सूर्य आणि वारा हे इथे एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि म्हणून पवन-सौर संकरित संच, म्हणजे एकाच बॅटरीला दोन्हीकडून वीज देणारी जोडणी, ही कल्पना कोकणासाठी फार मोलाची आहे. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे पावसाळ्याबाहेरही काही तास भरवशाचा वेग देतात, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत अडथळा नसतो. भारतातील अगदी पहिल्या पवनप्रकल्पांपैकी एक 1986 मध्ये रत्नागिरीत उभा राहिला, यामागे हेच कारण होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी ग्रामीण रुग्णालय, मासळी उतरवण्याचा धक्का किंवा नगरपरिषदेचे पाणी उपसा केंद्र यांच्या आवारात, वादळापूर्वी खाली निजवता येणाऱ्या मनोऱ्यावरचा छोटा संच बॅटरीसह असता, तर पहिल्या काही रात्री तरी दिवे लागले असते. बॅटरीशिवाय केवळ वीजवाहिनीला जोडलेला संच मात्र पुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो, हेही तिथल्या लोकांना आधीच सांगितले पाहिजे. मालवण, देवगड, रत्नागिरी, अलिबाग, किंवा मुंबईतल्या मुंबईत बंदराचे धक्के आणि पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून असलेल्या मोकळ्या कडा, अशा जागा या तंत्राची वाट पाहत आहेत. तिकडे कोणाचेच लक्ष नाही, आणि पुण्याच्या दाट उपनगरातील सात मजली इमारतीच्या माथ्यावर मात्र चक्की फिरत आहे, हे पाहून खेद होतो.

म्हणून काही विनंत्या आहेत. पहिली आणि मुख्य विनंती मोजमापाची. ज्या प्रकल्पात पवनचक्की प्रस्तावित आहे, तिथे नियोजित उंचीवर वायुवेगमापक बसवून निदान एक पूर्ण वर्ष, दर दहा मिनिटांच्या सरासरीने, वेग आणि दिशा नोंदवली जावी. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा पवननकाशा 50 मीटरपासून वरच्या उंचीसाठी आणि मोठ्या यंत्रांना डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेला आहे. तो गच्चीचा वारा सांगत नाही. वेधशाळेची नोंद दहा मीटरवरची आणि तिच्या स्वतःच्या मोकळ्या जागेची असते. गृहप्रकल्पाला परवानग्यांपासून ताब्यापर्यंत कित्येक वर्षे लागत असताना एका वर्षाचे मोजमाप वेळेअभावी टळावे, हे पटण्यासारखे नाही. सरासरी वेग सेकंदाला 4.5 ते 5 मीटरच्या खाली निघाला तर चक्कीचा विचार सोडून तोच पैसा सौर पॅनेलमध्ये घालावा. 2024 पासून सुरू असलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदानही मिळते. मोजलेल्या नोंदी, वेग पुरेसा निघो वा न निघो, प्रसिद्ध कराव्यात. प्रत्येक विकासकाने आपली नोंद कपाटात ठेवली तर पुढच्याला तीच चूक पुन्हा करावी लागते. दहा-वीस इमारतींच्या नोंदी एकत्र आल्या तर मराठी शहरांचा गच्चीवरचा वारा प्रथमच कळेल.

दुसरी विनंती नकाशाविषयी. चक्की इमारतीच्या माथ्यावरच हवी, हा आग्रह सोडावा. आवारात स्वतंत्र पायावर उभा केलेला मनोरा स्लॅबला कंपन देत नाही, दुरुस्तीसाठी खाली निजवता येतो आणि पडलाच तर कुठे पडेल हे आधी ठरवता येते. शाळा, महाविद्यालये, बंदरे आणि रुग्णालये यांच्या मोठ्या आवारांत ते सहज शक्य आहे. गच्चीवरच बसवणे भाग असेल तर संरचना अभियंत्याने खांबाचा पाया, कंपनरोधक आणि पात्यांचा वेग यांचा विचार स्लॅबच्या आराखड्यातच करावा. इंग्लंडमध्ये 2011 च्या अखेरीपासून घरावर विनापरवाना बसवता येणाऱ्या चक्कीसाठी स्वतंत्र घरच हवे, पात्यांचे क्षेत्र 3.8 चौरस मीटरच्या आत हवे, पात्याचा तळ जमिनीपासून पाच मीटर वर हवा आणि शेजाऱ्याच्या खिडकीपाशी आवाज 42 डेसिबलच्या आत हवा, अशा नेमक्या अटी आहेत. आपल्याकडे 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली सौर उपकरणांबद्दल तपशिलाने बोलते, आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या छतावरील वीजनिर्मितीच्या विनियमांच्या शीर्षकात सौर असा संकुचित शब्द नसून नवीकरणीय ऊर्जा असा व्यापक शब्द आहे. म्हणजे वीज जोडण्याचा विचार झालेला आहे, उरला आहे तो जागा आणि सुरक्षितता यांचा. असे नियम सुचवण्याचा अधिकार आणि ज्ञान आपल्या व्यावसायिक संघटनांकडे आहे. नियम येण्याची वाट न पाहता संघटनांनी स्वतःची आचारसंहिता आधी लिहावी.

तिसरी विनंती थोडक्यात सांगता येते: चक्कीला स्वतंत्र मीटर असावा, आणि वर्षाला मिळालेली युनिटे इमारतीच्या प्रवेशद्वारी, सोसायटीच्या वार्षिक अहवालात आणि हरित मानांकनाच्या नूतनीकरणाच्या अर्जात नोंदवली जावीत. मानांकन आराखड्याच्या वेळच्या अंदाजावर मिळत असेल तर ते टिकवण्यासाठी तरी प्रत्यक्ष आकडा मागितला जावा. यंत्र घेताना निर्मात्याच्या पत्रकातील शक्तिवक्रावर न विसंबता, मान्यताप्राप्त चाचणी केंद्रावर मोजलेला शक्तिवक्र मागावा. देशात तमिळनाडूतील कायथार येथे अशी सोय आहे.

शेवटची विनंती हस्तांतरणाची आहे. भोगवटा प्रमाणपत्रानंतर इमारत सोसायटीला देताना पवनचक्कीसोबत तिच्या तपासणीचे वेळापत्रक, ब्रेक लावण्याची पद्धत, दुरुस्ती करणाऱ्याचा निदान पाच वर्षांचा करार आणि यंत्र काढून टाकण्याचा खर्च भागेल इतकी अनामत रक्कम दिली जावी. सोसायटीच्या सभेत बसलेल्या निवृत्त शिक्षकाला किंवा बँक कर्मचाऱ्याला वादळाचा इशारा मिळाल्यावर नेमके काय करायचे, हे मराठीत, एका कागदावर, गच्चीच्या दारामागे लावलेले असावे. ज्या इमारतींवर आज बंद पडलेल्या चक्क्या उभ्या आहेत, त्यांच्या मूळ वास्तुविशारदांनी येत्या पावसाळ्यापूर्वी तिथे जाऊन खांबाचे बोल्ट तपासावेत आणि यंत्र दुरुस्त होण्याजोगे नसेल तर सोसायटीला ते उतरवण्यास मदत करावी.

 

आपला विश्वासू,
नागरी ऊर्जेचा एक अभ्यासक